आधी विषय, मग वक्ता, हार-तुरे सगळ्यात शेवटी: आपल्या भागाच्या इतिहासाची व्याख्यानमाला भरवताना

दिवाळी झाली की दोन-तीन फोन ठरलेले. पलीकडे कुठल्या तरी गावच्या वाचनालयाचे कार्यवाह असतात. "सर, हॉल मिळालाय, प्रमुख पाहुणे हो म्हणालेत, पत्रिका उद्या छापायला द्यायचीय. विषय तेवढा सुचवा. आपल्या भागाचा इतिहास, वेगवेगळे समाज, संस्कृती असं काहीतरी." मी विचारतो, पत्रिका परवा दिली तर चालेल का? चालेल म्हणतात. मग सांगतो, परवा म्हणजे तीन महिन्यांनी.

सगळा घोळ या क्रमात आहे. हॉल, पाहुणे, पत्रिका, वक्ता आणि उरलेल्या जागेत विषय, अशी माला बांधली की खुर्च्या भरतात, पण त्याच त्या पन्नास माणसांनी. ज्यांच्या इतिहासाबद्दल बोलणं चाललेलं असतं, ती माणसं हॉलमध्ये नसतातच. खाली क्रम दिला आहे तो असाच पाळा. उदाहरणं मी अलिबाग ते कोर्लई या किनारपट्टीची घेतली आहेत, कारण माझ्या चुका तिथं झाल्या आहेत. तुम्ही तिथं आपल्या भागाची नावं घाला.

## टप्पा १: चार महिने आधी, पाच माणसं आणि एक वही

समिती मोठी करू नका. पाच माणसं पुरतात: एक विषय आणि वक्ते बघणारा, एक वस्त्या-वाड्यांवर फिरणारा, एक हॉल-माईक-परवानगीवाला, एक पैशाचा, आणि एक मंचावर बोलणारा. फिरणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. त्याला कोळीवाड्यातही चहा मिळाला पाहिजे आणि मोहल्ल्यातही. असा माणूस सापडत नसेल तर माला वर्षभर पुढं ढकला. मी एकदा ढकलली नाही. तीन व्याख्यानं झाली आणि तिन्हीचे श्रोते एकाच आळीतले होते.

भागाची सीमा ठरवताना तालुक्याचा नकाशा समोर धरू नका. कोर्लई मुरूड तालुक्यात येतं, रेवदंडा अलिबागमध्ये. मध्ये फक्त कुंडलिकेची खाडी आहे, आणि पोर्तुगीज काळात हे दोन्ही काठ एकाच कारभारात होते. जिल्ह्याचं नावसुद्धा १९८१ पर्यंत कुलाबा होतं. जुने कागद शोधताना ‘रायगड जिल्हा’ असं शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही.

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर गावांची नावं लिहा. त्यांपैकी निम्म्या गावांत तुमच्या ओळखीचं कुणीच नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: विषय ठरवा, पण ‘एक दिवस एक समाज’ असा नाही

सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

सरधोपट यादी अशी असते: सोमवारी कोळी, मंगळवारी आगरी, बुधवारी बेने इस्रायली (म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू), गुरुवारी कोकणी मुसलमान, शुक्रवारी कोर्लईचे ख्रिस्ती. दिसायला समतोल. प्रत्यक्षात सोमवारी कोळी येतात, मंगळवारी आगरी येतात, आणि उरलेले तीन दिवस फक्त समिती. वर प्रत्येक वक्ता आपला समाज किती प्राचीन आणि किती शूर हे सांगून मोकळा होतो. ही माणसं शेकडो वर्षं एकमेकांशेजारी राहिली, एकमेकांना मासे-मीठ-तेल विकलं, भांडली, एकमेकांचे शब्द उचलले. ते सांगायला या यादीत जागाच नाही.

त्याऐवजी एखादी वस्तू, काम किंवा शब्द धरा. आम्ही एका वर्षी पाच विषय घेतले होते:

आडनाव. किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर, चेऊलकर ही बेने इस्रायलींची आडनावं. प्रत्येकात एक गाव आहे: किहीम, पेण, रोहा, झिराड, नवगाव, चौल. ‘कर’ लावून गाव सांगायची रीत इथल्या हिंदूंची तशीच कोकणी मुसलमानांचीही. एक आडनाव फळ्यावर लिहिलं की अर्धा हॉल आपापलं गाव सांगायला लागतो.

घाणा. बेने इस्रायलींचा जुना धंदा तेल गाळायचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मग सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांची गोष्टही त्याच दिवशी येते, आणि गिरणीचं तेल आल्यावर दोघांचं काय झालं, हेही.

बांध. खारजमीन, समुद्राचं पाणी अडवणारा मातीचा बांध, तो दरसाल राखणारे आगरी-कुणबी, आणि पीक नेणारा खोत. इथून थेट अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपावर येता येतं. १९३३ ला सुरू झालेला हा संप नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३९ पर्यंत चालला.

बोली. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली बोली आजही घरात बोलतात. पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला १७४० मध्ये, बोली मागं राहिली. ती बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शेजारी मराठी, आगरी, कोळ्यांची बोली आणि कोकणी मुसलमानांची बोली. चार माणसांनी एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणून दाखवलं, तिथंच व्याख्यान रंगलं.

चुंबकाची सुई. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळं तिथल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आलं. हा विषय समितीत कुणालाच ‘संस्कृती’त बसणारा वाटला नव्हता. गर्दी त्यालाच सगळ्यात जास्त झाली, शाळेतली मुलंही आली.

सावधान: शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे हे विषय टाळा असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या वर्षी त्यांनी सुरुवात केली की बाकीचे विषय कायमचे ‘भरतीचे’ होतात. आंग्र्यांवर बोलायचंच असेल तर गलबत धरा: लाकूड कुठलं, सुतार कोण, खलाशी कोणकोण, तोफा कुणाकडून घेतलेल्या. आरमारात किती जातींचे, किती धर्मांचे हात होते ते आपोआप समोर येतं.

## टप्पा ३: तारीख, आणि तीसुद्धा पाच कॅलेंडरं शेजारी ठेवून

एका वर्षी बेने इस्रायलींवरचं व्याख्यान आम्ही शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ठेवलं. पत्रिका छापली, फ्लेक्स लागला. अलिबागमध्ये आता त्यांची मोजकीच घरं आहेत. त्यांतल्या एका आजींना मी स्वतः पत्रिका द्यायला गेलो. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "आमच्यावर बोलणार, आणि आमच्या शब्बाथला?" शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी रात्रीपर्यंत. त्या आल्या नाहीत. व्याख्यान चांगलं झालं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही, पत्रिकेची ती घडी तेवढी आठवते.

तेव्हापासून तारखेआधी हे बघतो:

शुक्रवारी दुपारी जुमा, शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र शब्बाथ, रविवारी सकाळी चर्चची मिसा. उरली रविवारची संध्याकाळ. आमच्याकडं तीच सगळ्यांना चालते. रमझान असेल तर इफ्तारची वेळ बघा. दत्तजयंतीला चौलची जत्रा असते, त्या आठवड्यात रेवदंडा-चौलचं कुणी येणार नाही. शिमग्यात तर नावच काढू नका. ६ डिसेंबरला अनेकजण चैत्यभूमीला गेलेले असतात.

शेतीचं वेगळं. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत आगरी-कुणबी माणूस संध्याकाळी सहाला खुर्चीत बसू शकत नाही, बसला तर झोपतो.

मासेमारीचं आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, कोळीवाड्यात माणसं घरी असतात. व्याख्यानमाला हिवाळ्यातच हवी हा शहरी हट्ट आहे. कोळीवाड्यातला कार्यक्रम आम्ही जुलैत घेतो, पत्र्याच्या शेडमध्ये. पाऊस वाजतो, वक्त्याला थांबावं लागतं, पण माणसं असतात.

तपासा: शेवटची एसटी किती वाजता आहे? ती आठची असेल तर कार्यक्रम साडेसातला संपलाच पाहिजे. पावणेआठला मागच्या रांगा उठायला लागल्या की वक्त्याला वाटतं आपलं काही चुकलं.

## टप्पा ४: वक्ता

आता वक्ता. आणि वक्ता म्हणजे नाव नव्हे.

गाजलेला वक्ता कुठल्याही गावात तेच भाषण करतो, गावाचं नाव बदलून. त्याला मानधन जास्त, वेळ कमी, आणि येताना तो तुमच्या भागातला एकही कागद वाचून येत नाही. त्यापेक्षा या विषयावर काम केलेला एखादा संशोधक विद्यार्थी, निवृत्त तलाठी, मोडी वाचणारा वकील शोधा. बोलणं अडखळतं असेल तर एकदा आधी घरी बोलावून ऐका. मजकूर पक्का असला की अडखळणं श्रोते माफ करतात.

प्रत्येक व्याख्यानाला जोडीला एक घरचा माणूस ठेवा, दहा मिनिटं. घाण्यावर बोलणारा अभ्यासक असेल तर त्याच्याआधी ज्यांच्या घरात घाणा होता अशी एखादी व्यक्ती. तिनं भाषण करायचं नाही. मंचावर कुणी तरी तिला चार प्रश्न विचारायचे: घाणा कुठं होता, बैल की रेडा, पेंड कोण न्यायचं, कधी बंद पडला. या दहा मिनिटांसाठी लोक येतात हे मी आता खात्रीनं सांगतो.

निमंत्रण फोनवर देऊन सोडू नका, पत्र लिहा. आमचं पत्र साधारण असं असतं:

"स. न. आपण ‘बांध’ या विषयावर बोलावे अशी आमची विनंती आहे. वेळ पन्नास मिनिटे, त्यानंतर पंचवीस मिनिटे प्रश्न. श्रोते सुमारे दीडशे असतील. त्यांत खारजमीन कसणारी माणसे, शाळेतील शिक्षक आणि नववी-दहावीची मुले असतील. या भागातील किमान तीन गावांची उदाहरणे द्यावीत. चित्रे असल्यास पंचवीसपेक्षा जास्त नसावीत व ती चार दिवस आधी पाठवावीत. मानधन इतके, प्रवासखर्च वेगळा, दोन्ही त्याच दिवशी देऊ. व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्यास आपली संमती असल्यास कळवावे."

‘पंचवीस चित्रे’ हे वाक्य का, विचाराल. एका वक्त्यानं एकशे चाळीस आणली होती. सत्तराव्या चित्रावर आम्ही अजून सातवाहनांत होतो.

सावधान: मानधनाचा आकडा पत्रात लिहा. "ते आपण बघू" म्हणून लाजत राहिलात तर शेवटी पाकिटात किती घालायचं यावरून समितीत भांडण होतं, आणि वक्ता जिन्यात ताटकळतो.

## टप्पा ५: माहिती तपासणं, म्हणजे तीन चिठ्ठ्या

वक्त्याचा मजकूर आला की त्यातलं प्रत्येक ठाम विधान तीनपैकी एका चिठ्ठीवर टाका: *लिहिलेलं*, *उभं असलेलं*, *सांगितलेलं*. लिहिलेलं म्हणजे दप्तर, सनद, शिलालेख, प्रवाशाचं वर्णन. उभं असलेलं म्हणजे भिंत, कबर, विहीर, वीरगळ. सांगितलेलं म्हणजे घरात, गावात चालत आलेली गोष्ट. तिन्हींना मंचावर जागा आहे. पण वक्त्यानं कुठलं कुठल्या चिठ्ठीवरचं आहे ते बोलताना सांगायचं. ‘परंपरा सांगते’ म्हटल्यानं कुणाची मान खाली जात नाही.

तीन उदाहरणं देतो, तिन्हींवर आमच्याकडं वाद झाले आहेत.

अलिबाग हे नाव अली नावाच्या धनिकाच्या बागांवरून पडलं. छान गोष्ट आहे, आणि ती *सांगितलेलं*च्या चिठ्ठीवरची आहे. कुणी त्याला बेने इस्रायली म्हणतं, कुणी मुसलमान. फ्लेक्सवर ठळक टाइपात छापायची ही गोष्ट नव्हे.

बेने इस्रायलींचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. हीसुद्धा त्यांच्या समाजाची परंपरा. नवगावचं दफनस्थान मात्र *उभं असलेलं* आहे, तिथं जाऊन बघता येतं. परंपरेला इसवी सनाचा आकडा लावायची घाई वक्त्यापेक्षा सूत्रसंचालकाला जास्त असते. त्याला आवरा.

अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख. गधेगाळावर, म्हणजे गाढवाचं चित्र आणि शाप असलेल्या दगडावर कोरलेला, मराठीतला. त्यावरचा शक ९३४ असा वाचला गेला, म्हणजे इसवी सन १०१२, आणि त्यावरून तो मराठीतला आद्य लेख ठरवला गेला. वर्षाच्या या वाचनावर अभ्यासकांचं एकमत नाही. व्याख्यानात दोन्ही बाजू सांगा. पत्रिकेवर ‘मराठीतील पहिल्या शिलालेखाच्या भूमीत’ असं छापलंत तर वक्त्यालाच पहिली दहा मिनिटं पत्रिका दुरुस्त करण्यात घालवावी लागतील.

आकडे तपासताना एक साधी गफलत फार होते. शकाचा आकडा इसवी सन म्हणून छापतात. शकात ७८ मिळवा. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९.

कुलाबा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८३ चं आहे. ते वाचाच, त्याच्याशिवाय या भागाचं पान हलत नाही. पण ते साहेबांनी कारभारासाठी लिहिलेलं. त्यातली गावांची, बंदरांची, पिकांची माहिती घ्या. जातींच्या रंगरूपाची, स्वभावाची वर्णनं जशीच्या तशी पडद्यावर टाकू नका. त्या जातीची माणसं समोर बसलेली असतात.

## टप्पा ६: ज्यांच्याविषयी बोलायचं, त्यांच्या दारी आधी जा

पत्रिका छापण्याआधी जा. छापील पत्रिका घेऊन गेलात तर तुम्ही कळवायला आलात. कच्चा कागद घेऊन गेलात तर विचारायला आलात. फरक दारातच कळतो.

तिथं तीन गोष्टी विचारा. पहिली, तुम्ही स्वतःला काय म्हणता. ‘शनिवार तेली’ हे नाव व्याख्यानात समजावून सांगण्यासारखं आहे, शीर्षक करण्यासारखं नाही. कोर्लईच्या बोलीला ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणणारे शिक्षक मी ऐकले आहेत. मुरूड-जंजिऱ्याकडच्या सिद्दींना जुन्या पुस्तकांत ‘हबशी’ म्हटलेलं असतं. पुस्तकातलं वाचून दाखवायचं तर पुस्तकातलं म्हणूनच वाचा. दुसरी, घरात जुनं काय आहे: फोटो, लग्नपत्रिका, पावत्या, होडीचे कागद. तिसरी, काय सांगू नये. हा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण उत्तर हमखास मिळतं. कुणाच्या पूजेतला काही भाग बाहेर दाखवायचा नसतो, कुणाच्या भाऊबंदकीतली एक तारीख अजून दुखते.

आणि खाण्याचं. बेने इस्रायलींच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं असतात. तो प्रार्थनेसह होणारा विधी आहे. कार्यक्रमानंतर ‘पारंपरिक पदार्थांचा स्टॉल’ म्हणून तो वाटायची कल्पना आमच्या एका उत्साही सभासदानं काढली होती. त्या आजींच्या घरी विचारल्यावर कल्पना तिथंच राहिली. चहा आणि चिवडा ठेवा, कुणाचं काही बिघडत नाही.

तपासा: पत्रिकेचा अंतिम मजकूर प्रत्येक समाजातल्या किमान एका माणसानं मोठ्यानं वाचलेला हवा. डोळ्यांनी वाचताना चुका सुटतात. मोठ्यानं वाचताना माणूस एखाद्या शब्दाशी अडखळतो, तो शब्द बदला.

## टप्पा ७: हॉल, माईक, पडदा

हे पटकन उरकतो, कारण बहुतेकांना येतं. राहून जातं ते एवढंच:

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लावता येत नाही. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं, आणि आपल्याकडं वाचनालयाला खेटून शाळा असतेच.

हॉल कुणाचा आहे हे बघा. एखाद्या समाजाच्या सभागृहात भाडं माफ होतं, पण दुसरे लोक पायरी चढत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेची लाकडी बाकं परवडली.

पश्चिमेच्या खिडक्यांना चादरी लावा. साडेपाचचं ऊन थेट पडद्यावर येतं. आवाजाची चाचणी पंखे चालू ठेवून आणि शेवटच्या रांगेत उभं राहून घ्या. साऊंडवाला पहिल्या रांगेत "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणतो आणि अंगठा दाखवतो, त्यावर विसंबू नका. श्रोत्यांसाठी वेगळा, फिरता माईक हवाच.

## टप्पा ८: प्रत्यक्ष संध्याकाळ

सहाचा कार्यक्रम सहाला सुरू करा. बारा माणसं असली तरी. दुसऱ्या पुष्पाला लोक वेळेवर येतात.

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत… हे सगळं मिळून एकदा माझ्या घड्याळात सत्तावन्न मिनिटं झाली होती. वक्त्याला एकोणतीस मिळाली. तेव्हापासून आम्ही प्रास्ताविक चार मिनिटं, वक्त्याचा परिचय दोन, आणि लगेच घरचा माणूस दहा मिनिटं असं बांधून घेतलं. सत्कार शेवटी, एकच, शाल नाही, नारळ आणि पुस्तक. देणगीदारांची नावं फळ्यावर लिहितो, वाचून दाखवत नाही. दोन देणगीदार यावर रुसले, एक परत आला.

प्रश्नांसाठी आधीच कागदाच्या चिठ्ठ्या वाटा. बायका आणि शाळकरी मुलं माईकवर विचारत नाहीत, चिठ्ठीवर विचारतात. प्रश्न वाचताना नाव विचारू नका.

आता वादाचं. इतिहासाच्या व्याख्यानात कुणी तरी उभं राहणारच: "आमचा अपमान झाला." मंचावरच्या माणसानं तेव्हा वक्त्याची बाजू घ्यायची नाही आणि माफीही मागायची नाही. एक वाक्य पाठ करून ठेवा: "तुमच्याकडे हे कसं सांगतात ते आम्हाला लिहून हवं आहे, कार्यक्रम झाल्यावर या टेबलाशी बसू." आणि खरंच वही घेऊन बसा. मी चार वेळा बसलो आहे. तीन वेळा नुसता राग होता. चौथ्यांदा त्या गृहस्थांनी पिशवीतून खोताच्या पावत्या काढल्या, आणि वक्ता आमच्याआधी टेबलाशी येऊन बसला.

सावधान: मोबाइलवर तीस सेकंदांचे तुकडे काढून लगेच पाठवणारे असतात. सुरुवातीलाच सांगा की पूर्ण ध्वनिमुद्रण समिती ठेवते आणि मागेल त्याला ऐकवते. तुकड्याला उत्तर द्यायला पूर्ण मुद्रण हाताशी लागतं.

## टप्पा ९: फेरी काढणार असाल तर समुद्राला विचारून

व्याख्यानानंतरच्या सकाळी तीच माणसं घेऊन जागेवर जाणं फार उपयोगी. पण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं म्हणून लोक तारीख आधी ठरवतात आणि भरती नंतर बघतात. उलटं करा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीचे पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, मग ओहोटी नऊच्या सुमारास. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं खाली जात नाही, वाट चिखलाची आणि अर्धवट बुडालेली राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपास ओहोटी चांगली खाली जाते, पण भरती येतेही वेगानं. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरायच्या आत परता. मोजून नेलेली माणसं मोजून आणा. पावसाळ्यात नाहीच.

संरक्षित स्मारकाच्या आत माईक लावून सभा घ्यायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नुसतं फिरत बोलायचं असेल तर पंचवीस जणांच्या वर नेऊ नका, मागच्यांना ऐकू जात नाही. शिलालेख ‘नीट दिसावा’ म्हणून त्यावर खडू, तेल, पीठ चोळणारा एक तरी उत्साही असतो. त्याला टॉर्च द्या आणि उजेड बाजूनं पाडायला सांगा, अक्षरं आपोआप उठून दिसतात.

सिनेगॉग, मशीद, चर्च, देऊळ जे काही फेरीत असेल, तिथं आदल्या आठवड्यात जाऊन वेळ, पेहराव, फोटो याबद्दल विचारून या. डोकं झाकायला वीस रुमाल पिशवीत ठेवा.

## टप्पा १०: दुसऱ्या दिवसापासून पुढचे पंधरा दिवस

हिशेब तीन दिवसांत लावा, वाचनालयाच्या फलकावर डकवा. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ असं नाव राहू देऊ नका. तारीख, विषय, वक्ता, घरचा माणूस, गाव, असं लिहा आणि दोन ठिकाणी ठेवा. चिठ्ठ्यांवरचे न विचारले गेलेले प्रश्न वक्त्याला पाठवा. पुढच्या वर्षीचे विषय बहुतेक वेळा त्यांतच निघतात. बोलीचा विषय आम्हाला असाच मिळाला. एका मुलीनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, "माझी आजी घरी बोलते ती भाषा मराठी आहे का?"

आणि लोकांनी विश्वासानं दिलेले फोटो-कागद. ते घेतानाच दोन प्रतींत पावती करा: कुणी दिलं, काय दिलं, किती, कशा अवस्थेत. स्कॅन झालं की आठ दिवसांत परत करा, टपालानं नव्हे, स्वतः जाऊन. आमच्याकडून एकदा एक लग्नाचा फोटो सात महिने कपाटात राहिला. परत द्यायला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं, माणसं मुलाकडं इस्रायलला गेलेली. तो पत्ता मिळवायला आणखी वर्ष गेलं. म्हणून पावतीवर आता घरच्या दोन माणसांचे फोन नंबर घेतो, त्यातला एक तरी गावाबाहेरचा.